मुरमाच्या खेपा

१९९७ सालची गोष्ट. मी तेव्हा आमच्या गावचा ग्रामपंचायत सदस्य होतो. वाडीवरच्या रस्त्यावर मुरूम टाकायचं ठरलं. ठरावाला सूचक मीच. ट्रॅक्टर गावात तीनच, त्यातला एक आमचा. कागदोपत्री धाकट्या भावाच्या नावावर, पण चूल एक, खातं एक. चाळीस खेपा आमच्याच ट्रॉलीनं पडल्या आणि बिल भावाच्या एका मित्राच्या नावानं निघालं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट रस्ता लवकर झाला, म्हणून मी जरा छाती काढूनच हिंडत होतो.

आमचं गाव आटपाडी भागातलं. आज जिल्हा सांगली, पण आज्ज्याच्या वेळी सगळं औंध संस्थानात. औंध राहिलं साताऱ्यात, आम्ही आलो सांगलीत. मधे काही वर्षं आमच्या जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं, सांगली हे नाव १९६० ला पडलं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपला अधिकार प्रजेच्या हवाली केला, हे शिकल्यासवरल्या लोकांनाही फारसं ठाऊक नसतं. घटना गांधीजींच्या सल्ल्यानं झाली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. गावोगावी निवडून दिलेले पाच पंच आणि गावचा कारभार त्यांच्या हाती. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, कैद्यांची उघडी वसाहत, तेही त्याच वर्षांतलं. पुढं शांतारामबापूंच्या ‘दो आंखें बारह हाथ’मुळं ते देशाला कळलं.

आज्जा त्या पंचायतीच्या गोष्टी सांगायचा. पण त्याच्या बोलण्यात पंचापेक्षा पाटील-कुलकर्णीच जास्त यायचे. पाटलाचा मान, कुलकर्ण्याचं दप्तर, सुगीला खळ्यावरून जाणारा त्यांचा हक्क. त्याला कोणी लाच म्हणत नव्हतं. तो हक्कच होता, पिढीजात. काम आणि कमाई एकाच पोत्यात. १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतन गेलं, १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटीलकी गेली. आले पगारी तलाठी आणि ग्रामसेवक. वतन कागदावरनं गेलं, माणसाच्या डोक्यातनं कुठलं जातंय? निवडून आलो की गावच्या कामावर आपला थोडा हक्क असतोच, असं मलाही आतून वाटत असणार. एरवी त्या चाळीस खेपा मला खुपल्या असत्या.

आमचे ग्रामसेवक, म्हणजे भाऊसाहेब, कोरड्या स्वभावाचे. हुरड्याला बोलावलं तर यायचे, पोटभर खायचे. एकदा जाताना मी डाळिंबाची पेटी सायकलला बांधायला लागलो, तर हात धरला. म्हणाले, “हुरडा इथंच संपतो, पेटी घरी जाते.” मला वाटलं, माणूस शिष्ट आहे. नंतर त्यांनीच सांगितलं, की जिल्हा परिषदेच्या नोकरांना १९६७ सालचे वर्तणूक नियम आहेत. भेटी घेण्यावर बंधन, परवानगीवाचून धंदा करायचा नाही, आणि काय जमीनजुमला आहे ते वरिष्ठांना कळवायचं. जिल्हा परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ ला. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री, गाव देवराष्ट्रे, म्हणजे आमच्याच मुलखातले. दारं उघडल्यावर पाच वर्षांत उंबऱ्याचे नियम आले म्हणायचे.

“आणि आम्हाला कुठला नियम?” मी हसत विचारलं.

भाऊसाहेब हसले नाहीत. कपाटातनं ग्रामपंचायत कायद्याचं पुस्तक काढून १९५८ च्या कायद्याचं कलम १४ दाखवलं. पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असला, तर तो सदस्य राहू शकत नाही. ‘अप्रत्यक्ष’ या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. मला बोट दिसलं, शब्द दिसला नाही. आणि तोवर बिल निघालेलंही होतं.

पुढच्या वर्षी विरोधी गटानं कलेक्टरकडं अर्ज दिला. विट्यावरनं एसटीनं सांगलीच्या चकरा सुरू झाल्या. वकिलानं तोड काढली. जुन्या तारखेचं वाटणीपत्र करायचं, भाऊ तीन वर्षांपूर्वीच वेगळा झाला म्हणून दाखवायचं. भाऊ तयार, मीही तयार. खोटं का बोलू, मी तयार होतो. फक्त वडिलांचा अंगठा पाहिजे होता.

वडील ओसरीवर बसलेले. कागद बराच वेळ हातात धरला. वाचता येत नव्हतं, तरी धरला. मग म्हणाले, “चूल एक हाय. कागदावर दोन कशा करू?”

एवढंच. अंगठा दिला नाही. सुनावणीत मी ट्रॅक्टर घरचा असल्याचं कबूल केलं आणि माझं सदस्यत्व गेलं. गावात वर्षभर मान खाली घालून वावरलो. भावाचं म्हणणं वेगळंच होतं: डिझेल त्यानं जाळलं, रात्री त्यानं काढल्या आणि अब्रूही त्याचीच गेली. तेही खोटं नव्हतं. दोन वर्षांनी आम्ही खरोखरच वेगळे झालो, तेव्हा मात्र वडिलांनी अंगठा दिला.

कायदा पुढं आणखी कडक होत गेला. सरकारी जागेवर अतिक्रमण असलं, तरी सदस्यत्व जातं. घर कुटुंबाचं आहे, माझं नाही, ही पळवाटही सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली बुजवली. वाचलं तेव्हा मला आमची ओसरी आठवली.

गेल्या खेपेला पुतण्या निवडणुकीला उभा राहणार म्हणून पाया पडायला आला. त्याच्याकडं जेसीबी आहे, पंचायतीची कामं तोच करतो. मी म्हटलं, “निवडून आलास तर जेसीबीचं काय?”

“नाना, त्यो मेव्हण्याच्या नावावर केलाय.”

मी कपाटातनं पुस्तक काढलं, कलम १४ काढून त्याच्या हातात दिलं. भाऊसाहेबांनी बदली होऊन जाताना ते मला दिलं होतं. पुतण्यानं उभ्या उभ्या वाचलं, चष्मा नसल्यासारखे डोळे बारीक केले आणि “बघतो” म्हणून गाडीला किक मारली. अर्ज भरायला चार दिवस होते.