लेव्हल एडिटर आणि मावळची भूमी

व्हिडिओ गेममधील पात्र ज्या भूमीवर वावरते, ती भूमी तिच्यावरील इमारती, वाटा, उजेड, पाणी आणि अडथळे यांसह रचण्याच्या संगणकीय साधनास लेव्हल एडिटर असे म्हणतात, आणि त्यातून सिद्ध होणाऱ्या रचनेस खेळाच्या जातीप्रमाणे लेव्हल किंवा मॅप ही नावे आहेत. भूगोलाचा नकाशा अस्तित्वात असलेल्या मुलखाची कागदावर नोंद करतो; हा मॅप मात्र स्वतःच एक मुलूख असून, त्यात पाऊल टाकून हिंडता येते, भिंतीशी अडता येते आणि कड्यावरून खाली पडताही येते.

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्याच्या संदर्भात या साधनाचा विचार करण्यास सबळ कारण आहे. लोणावळ्यापासून मळवली, कामशेत आणि पवन मावळापर्यंतच्या पट्ट्यात वास्तू निर्माण करण्याच्या दोन परस्परविरुद्ध रीती एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत: अखंड खडक पोखरून आतून पोकळी काढणारी कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेण्यांची रीत, आणि मोकळ्या जागी दगडावर दगड रचून तट उभारणारी लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांची रीत. लेव्हल एडिटरांच्या इतिहासातही नेमक्या याच दोन रीती आढळतात, आणि त्या समजून घेण्यास मावळच्या डोंगरांइतका उत्तम दाखला दुसरा क्वचितच मिळेल.

पूर्वपीठिका : या विद्येचे बीज मराठी मुलांच्या परिचयाचे आहे. दिवाळीत अंगणाच्या कोपऱ्यात जो मातीचा किल्ला होतो, त्यात आधी दगडविटांची रास घालून डोंगराचा ढोबळ आकार धरतात, त्यावर भिजवलेले तरट अंथरून चिखलाचा लेप देतात, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणतात, आणि सर्वांत शेवटी बुरुजांवर व पायऱ्यांवर मावळे मांडतात. त्या मावळ्यांना हे नावच या बारा मावळांच्या मुलखाने दिले. लेव्हल एडिटरमधील कामाचा क्रमही हाच आहे: प्रथम ओबडधोबड ठोकळे, मग त्यांवर टेक्स्चर म्हणजे पृष्ठभागाचे चित्र, मग गवत आणि झाडी, मग पात्रे व वस्तू. भेद आहे तो मापाचा. अंगणातील किल्ल्यात मावळा बहुधा दरवाज्याहून उंच असतो आणि त्याने किल्ल्याची शोभा उणावत नाही. मॅपमध्ये मात्र सर्व मोजणी माणसाच्या उंचीपासून सुरू होते, आणि दरवाजा चार बोटे ठेंगणा झाला तर खेळाडू उंबरठ्यावरच अडून राहतो.

इतिहास : खेळ घेणाऱ्याच्या हाती रचनेचे साधनही देण्याचा पायंडा १९८३ साली ‘लोड रनर’ या खेळाने दृढ केला, त्यात दीडशे तयार लेव्हलींबरोबर एडिटरही दिलेला होता. १९९३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या ‘डूम’ने लेव्हलींचा मजकूर मूळ प्रोग्रॅमपासून अलग अशा फायलींत ठेवला, त्यामुळे १९९४ मध्ये हौशी जाणकारांनी ‘डूम एडिटिंग युटिलिटी’ हे साधन सिद्ध केले आणि जगभर घराघरांतून मॅप तयार होऊ लागले. ‘डूम’ची भूमी वरून पाहिलेल्या आराखड्यासारखी आखली जाई, प्रत्येक खणाला जमिनीची एक उंची व छताची एक उंची असे, पण एका दालनावर दुसरे दालन रचता येत नसे. १९९६ सालच्या ‘क्वेक’ने ती मर्यादा दूर केली. त्याच वर्षी बेन मॉरिस यांनी ‘क्वेक’साठी ‘वर्ल्डक्राफ्ट’ हा एडिटर लिहिला, जो पुढे व्हॉल्व्ह कंपनीने घेतला आणि ‘हॅमर’ या नावाने ‘हाफ-लाइफ’ व ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळांच्या मॅपांसाठी रूढ झाला. ‘एज ऑफ एम्पायर्स’ मालिकेत १९९७ च्या पहिल्या खेळापासूनच सिनॅरिओ एडिटर मिळू लागला, सायबर कॅफेंच्या काळात वाढलेल्या पुष्कळ मराठी मुलांनी तट, दरवाजे आणि खंदक पडद्यावर प्रथम मांडले ते याच प्रकारच्या साधनात.

रचनेच्या दोन रीती : ‘क्वेक’ आणि ‘वर्ल्डक्राफ्ट’ यांच्या परंपरेत आरंभी केवळ शून्य असते. त्या शून्यात ब्रश नावाचे भरीव ठोकळे एकास एक लावून भिंती, जमीन आणि छत उभे करावयाचे असते, आणि ही चिरेबंदी इतकी पक्की व्हावी लागते की, आतून बाहेरच्या शून्यात जाण्यास केसाएवढीही फट राहता कामा नये. फट राहिल्यास तिला लीक म्हणतात. ती असेपर्यंत दृष्टीच्या टप्प्याचा हिशेब संगणकाला पुरा करता येत नाही, म्हणून एडिटर आतल्या एखाद्या वस्तूपासून त्या भगदाडापर्यंत एक रेषा ओढून देतो आणि रचणारा त्या रेषेमागे जाऊन फट बुजवतो. ही सर्वार्थाने गडकोटांची रीत होय.

१९९८ साली आलेल्या ‘अनरिअल’ या खेळाच्या एडिटरने उलट मार्ग धरला. तेथे आरंभी संपूर्ण विश्व हा एकच अखंड घन मानलेला असे, आणि रचणाऱ्याने त्यातून ठोकळ्याच्या आकाराची पोकळी वजा करून दालन, आणखी एक वजा करून दरवाजा, आणखी एक वजा करून गवाक्ष असे काढावयाचे असे. या रीतीत फट राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण जे कोरले नाही ते सारे खडकच असते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून ज्यांनी भाज्याच्या कड्यात छिन्नी धरली, त्यांचाही व्यवहार हाच होता: त्यांनी खांब उभा केला नाही, तर खांबाभोवतीचा दगड काढून टाकला. ‘अनरिअल’च्या पुढील आवृत्त्यांत ही वजाबाकीची रीत मागे पडली आणि स्वतंत्रपणे घडविलेले मेश, म्हणजे पृष्ठभागांच्या जाळ्यांतून झालेले आकार, आणून मांडण्याचा शिरस्ता पडला. तथापि रचणाऱ्याच्या मनाला शिस्त लावण्याचे तिचे मोल आजही उणे झालेले नाही.

उंचीचे दफ्तर : मावळसारखा विस्तीर्ण डोंगराळ मुलूख ठोकळ्यांनी रचणे शक्य नसते, त्यासाठी हाइटमॅप वापरतात. हाइटमॅप हे करड्या छटांचे चित्र असून त्यातील प्रत्येक बिंदूची छटा त्या जागेची उंची सांगते: काळा सखल, पांढरा उंच. अशा उंचीच्या नोंदी प्रत्यक्ष पृथ्वीच्याही उपलब्ध आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या फेरीत रडारने केलेली मोजणी सुमारे ३० मीटर अंतराच्या जाळ्यात मिळते, आणि २००५ साली सोडलेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या जोडचित्रांवरून केलेले उंचीचे नकाशे इस्रोच्या ‘भुवन’ या दालनात आहेत.

या नोंदी एडिटरमध्ये उतरवताना पहिली काळजी छटांच्या संख्येची घ्यावी लागते. बोरघाटाच्या पायथ्याचे कोकण आणि १,०८४ मीटर उंचीचा विसापूर यांमध्ये सुमारे एक हजार मीटरांचे अंतर आहे. आठ बिटांच्या चित्रात २५६ छटा असतात, म्हणजे दर छटेस सुमारे चार मीटर उंची पडते, आणि पवनेकाठची मऊ उतरंड पडद्यावर चार-चार मीटरांच्या जिन्यासारखी दिसू लागते. सोळा बिटांच्या चित्रात ६५,५३६ छटा असल्याने तीच पायरी दीड सेंटिमीटरवर येते आणि उतार सलग होतो.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांनी घडलेला असल्याने त्याचे डोंगर पायरीपायरीने चढतात: उभा कडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा. तीस मीटरच्या जाळ्यात तो उभा कडा दोन बिंदूंमधला साधा उतार होऊन बसतो. लोहगडाच्या विंचूकाट्याची अरुंद सोंड तर या जाळ्यात एखाददुसऱ्या बिंदूवर निभावून नेली जाते, आणि गड दुरूनही ओळखू येत नाही. झीज दाखविण्याची तयार साधने येथे जपून वापरावी लागतात, कारण टोकदार शिखरांच्या पर्वतांना साजेशी झीज सह्याद्रीस लावली की कड्यांची आडवी रेघ पुसली जाते; येथे उंची थराथरांत बसविण्याचे साधन प्रथम चालवून मग कडे मेशने उभे करणे हाच बरा मार्ग होय.

तिसरी मर्यादा तर मावळच्या मर्मावरच येऊन ठेपते. हाइटमॅपमध्ये प्रत्येक जागेस एकच उंची असते, म्हणून त्यात लेणे असूच शकत नाही. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला कार्ल्याच्या डोंगराची पाठ दिसते. डोंगराच्या पोटातील चैत्यगृह त्याच्या दफ्तरी नाही. एडिटरमध्ये त्या जागी जमिनीला भोक पाडून आत स्वतंत्रपणे घडविलेले लेणे बसवावे लागते, आणि त्याची मापे पायाने चालून गेलेल्याकडूनच मिळवावी लागतात.

गडाची वाट : समुद्रसपाटीपासून १,०३३ मीटर उंचीचा लोहगड २०२५ साली ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. त्याची चढण गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाज्यांतून वळणे घेत जाते. एका दरवाज्यापाशी उभे राहिले असता पुढचा दरवाजा समोर सरळ दिसत नाही, आणि चढणारा मात्र वरच्या तटावरून सतत नजरेत राहतो. शत्रूला धाव घेण्यास सरळ अंतर मिळू नये हा त्यातील बंदोबस्त. मॅप रचणाराही वाटेला अशीच वळणे देतो, आणि त्याची कारणे दोन आहेत: खेळाडूची उत्कंठा टिकावी हे एक, आणि वळणापलीकडचे दृश्य दिसत नसल्याने ते रेखाटण्याचा भार संगणकावर पडू नये हे दुसरे. ‘क्वेक’च्या परंपरेत कोणत्या खणातून कोणता खण दिसतो याची नोंद मॅप तयार करतानाच मांडून ठेवतात, आणि जेथे वळणे योग्य पडली आहेत तेथे ती नोंद आटोपशीर राहते. गडाच्या रचनाकाराने तोफेच्या नजरेचा जो विचार केला, तोच विचार येथे पडद्याच्या नजरेसाठी करावा लागतो.

चैत्यगृहाची मांडणी : कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि उंचीलाही जवळजवळ तितकेच आहे. ‘हाफ-लाइफ’च्या घराण्यातील एडिटरांत एक एकक म्हणजे ढोबळमानाने एक इंच धरतात आणि उभ्या खेळाडूची उंची ७२ एकके, म्हणजे सहा फूट, असते. या हिशेबाने लांबी १,४८८ एकके येते, जी सोळा एककांच्या ग्रिडवर, म्हणजे मापाच्या चौकटींवर, ९३ घरांत बरोबर बसते. रुंदी ५४० येते, ती मात्र बसत नाही, म्हणून ती ५४४ करून ३४ घरे धरावी. ग्रिड सोडून माप ठेवण्याचा मोह टाळावा, कारण अर्ध्या घराच्या चुकीतूनच पुढे फटी निर्माण होतात. छपराची कमान अर्ध्या नळकांड्याची, आणि तीवरील लाकडी फासळ्या स्वतंत्र मेशच्या. उजेडाचा स्रोत एकच ठेवावा: दर्शनी भागातील घोड्याच्या नालासारखे भव्य गवाक्ष. उजेड तेथून आत येऊन जमिनीवर पडावा, जमिनीवरून उसळून खांबांना लागावा, आणि टोकाच्या स्तूपापाशी पोहोचेपर्यंत मंदावावा. ही उसळी संगणक आधीच हिशेबून पृष्ठभागांवर लिहून ठेवतो. दालनात जागोजागी दिवे टाकून ते उजळून काढल्यास मापे बरोबर असूनही लेणे हरवते.

महाराष्ट्रातील काम : पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘अनरिअल इंजिन ४’ वापरून केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातील भूमी राजस्थानच्या गढ्यामहालांवरून घेतली असून तिच्या पृष्ठभागांना पहाडी चित्रशैलीची कळा दिलेली आहे, आणि भारतीय वास्तुपरंपरेतून सलग लेव्हली घडविता येतात हे त्याने जगापुढे सिद्ध केले. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ या संस्थेचा ‘इंडस’ हा खेळ २०२४ मध्ये आला. कौशल्य पुण्यात आहे, आणि लोकलने दीड तासाच्या आत मळवली येते. सह्याद्रीचा कडा, माची आणि लेणे हे या कौशल्याचे विषय व्हावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. शिकाऊ माणसाला त्यासाठी खर्चही पडत नाही: ‘ट्रेंचब्रूम’ हा ‘क्वेक’-परंपरेचा एडिटर, ‘ब्लेंडर’ हे मेश घडविण्याचे साधन आणि ‘गोडो’ हे इंजिन ही तिन्ही विनामूल्य मिळतात.

रचणाऱ्यास सूचना : लेणी ही संरक्षित स्मारके आहेत, मोजणी दगडाला हात न लावता, पावलांनी व छायाचित्रांनी करावी आणि ड्रोन परवानगीवाचून उडवू नये. मात्र प्रत्यक्ष जाणे टाळू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत; त्यांच्या तळाशी घट, माथ्यावर घंटाकृती शीर्ष आणि त्यावर हत्तींवर बसलेली माणसे आहेत. घरी बसून छायाचित्रावरून काम करणारा असा एक खांब घडवून त्याच्याच प्रती स्तूपामागेही फिरवून लावतो. परंतु ज्याने आत जाऊन प्रदक्षिणा घातली आहे, त्याला ठाऊक असते की, स्तूपामागच्या सात खांबांना घट नाही, शीर्ष नाही आणि हत्तीही नाहीत. ते केवळ आठ बाजूंचे साधे दगड आहेत. एडिटरमध्ये आठ बाजूंचे नळकांडे हा सर्वांत सोपा आकार होय. तो तेथे तसाच, विनाअलंकार ठेवण्यासाठी मात्र त्या अंधारातून एकदा चालून यावे लागते.