पंचगंगेच्या घाटावर पेडण्याची आठवण

करवीरनगरी आम्हां पेडणेकरांना परकी नाही. अंबाबाईची ओटी भरावी, थोडा बाजार करावा आणि आंबोलीचा घाट उतरून परतावे, असा आमच्या घरांचा जुना परिपाठ. सेवानिवृत्तीनंतर मात्र आम्ही एकदा मुद्दाम सवड काढली आणि देवदर्शन आटोपून पंचगंगेच्या घाटावर गेलो.

तेथे करवीर छत्रपतींच्या घराण्यातील समाध्या दगडी देवळांच्या रूपाने उभ्या आहेत. त्या देवळांमधून फिरताना आम्हांस ह्याच गादीवर १७६२ ते १८१३ पर्यंत असलेल्या शिवाजीमहाराजांचे स्मरण झाले, कारण आपल्या तालुक्याचे प्राक्तन त्यांच्या एका रोषाशी जोडलेले आहे.

वाडीकर खेमसावंत भोसले यांनी १७६३ साली जयाप्पा शिंदे यांच्या कन्येशी विवाह केला. पुढे त्यांना दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहाद्दर’ हा किताब आणि मोरचेलाचा मान मिळाला. करवीरकरांना तो खुपला व त्यांनी वाडीच्या मुलखावर स्वारी केली. खेमसावंतांनी पोर्तुगीजांकडे साहाय्य मागितले, आणि त्या साहाय्याच्या मोबदल्यात १७८८ साली पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेला. मोरचेल म्हणजे मोरपिसांचा एक झुबका! त्याच्या मानापमानातून वाडी आणि पेडणे यांच्यामध्ये परराज्याची सीमा पडली, ती १९६१ पर्यंत राहिली. राजांची स्मारके घाटावर आहेत. त्यांच्या भांडणाचे स्मारक म्हणजे आपली सीमा. एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. नव्या काबिजादी उशिरा गेल्या, त्यामुळे जुन्या काबिजादींतील देवळांच्या वाट्याला आलेली वाताहत येथे झाली नाही. आपली भगवती जागेवर राहिली आणि आपली मराठीही.

घाटावरून आम्ही टाउन हॉलकडे वळलो. ही देखणी वास्तू मेजर मँट या स्थापत्यकाराची. ह्याच मँटने आणखी एक करवीरकर स्मारक उभारले, तेही सातासमुद्रापार. विलायतेहून परतताना तरुण राजाराममहाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. तेथे दोन नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली. परमुलखातही त्यांच्या वाट्याला संगमाचा काठ आला, हे वाचताना मन हेलावते.

टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरी टेकडीच्या पोटातून निघालेल्या वस्तू आहेत. पंचगंगेच्या काठावरील ह्या टेकडीचे उत्खनन १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया व दीक्षित या संशोधकांनी केले. सातवाहनकालीन वसाहतीच्या ह्या अवशेषांत ग्रीक समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती आहे. हा देव सह्याद्री चढून येथे आला तो सागरी व्यापाराच्या ओघाने. जकातनाके आणि सीमा नंतरच्या. कोकणपट्टी आणि घाटमाथा यांची वाट त्यांच्याहून कितीतरी जुनी. आपल्या पूर्वजांपैकी कित्येक जण अशाच वाटांनी खाली उतरले आणि येथे स्थिरावले.

परतताना आमच्या मनात एकच विचार घोळत होता. करवीरच्या संशोधकांनी मातीखालचे दोन हजार वर्षांपूर्वीचे नगर शोधून जपले. आपल्या माळ्यांवरच्या पेट्यांत मात्र दोनशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद वाळवीची वाट पाहत आहेत. आमची हयात सरकारी दप्तरात गेली. एक कागद गहाळ झाला की एका घराण्याचा इतिहास कसा मुका होतो, ते आम्ही पाहिले आहे. राजांच्या समाध्या सांभाळायला संस्थाने होती. आपल्या घरांची स्मृती सांभाळायला आपल्यावाचून कोणी नाही. या दिवाळीत माळा झाडताना त्या पेट्या उघडाव्यात, कागदांना ऊन दाखवावे आणि वाचणारा कोणी भेटेपर्यंत ते कोरड्या जागी ठेवावेत, एवढीच वाचकांस आमची विनंती.