तगादा, धरणे आणि हप्तेबंदी

मराठी राज्याच्या उत्तरकाळात कर्जवसुलीचे पहिले साधन न्यायसभा हे नव्हते, तर तगादा हे होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखासंबंधी 1819 मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात या पद्धतीचे तपशीलवार वर्णन आले आहे. ऋणको बरोबरीचा किंवा कनिष्ठ असेल तर धनको त्याला घरात अडकवून ठेवी, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हातही बसवी. ऋणको वरिष्ठ असला म्हणजे प्रकार उलटा होई. धनको त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे, दारात आक्रोश करी, आणि शेवटी उपास करीत धरणे धरून बसे. तो उपाशी असेपर्यंत घरधन्यालाही अन्न घेता येत नसे.

ही पद्धती क्रूर होती यात शंका नाही. दुर्बळ कुळाच्या वाट्याला तिची केवळ क्रूरताच येत असावी. परंतु तिचे एक लक्षण दुर्लक्षिण्याजोगे नाही. तगाद्याचा शेवट बहुधा तडजोडीत होई: काही रक्कम रोख, उरलेल्या रकमेस मुदत आणि जामीन. ऋणकोला अगदी नागवून टाकणे धनकोला परवडत नसे, आणि न्याय्य मागणी करणाऱ्याला दारातून हाकलणे ऋणकोच्या अब्रूला शोभत नसे. सरदारही यातून सुटले नव्हते. 1809 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत थकलेल्या पगारासाठी फौजेने धरलेल्या धरण्यांचे उल्लेख आहेत.

इंग्रजी अमलात ही देवघेव दारातून उठून कचेरीत गेली. 1860 च्या दंडसंहितेच्या 508 व्या कलमाने दैवी कोपाचे भय घालून एखाद्याला काही करावयास लावणे हा गुन्हा ठरविला, आणि त्या कलमाखाली उदाहरण दिले ते धरण्याचेच. इकडे 1827 च्या नियमाने घातलेली व्याजाची शेकडा 12 ची मर्यादा 1855 मध्ये उठली होती. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावर दावा लावण्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा. परिणाम मात्र विपरीत झाला. मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई, आणि थकलेले व्याज मुद्दलात जमा होई. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी घेता येऊ नये हा दामदुपटीचा जुना दंडक अशा रीतीने कागदावर पाळला जाऊनही निरर्थक ठरला. निरक्षर कुळाच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे विचारण्याचे कारण न्यायालयाला उरले नाही. बहुतेक हुकूमनामे एकतर्फी होत. तगाद्यात निदान समोरासमोर बोलणे तरी होते.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगल उसळली. तेथून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत जमावाचा रोख मुख्यतः खते व हुकूमनामे यांवर होता. सावकारांच्या जिवावर तो क्वचितच गेला. कागद हाती आला व जळाला की जमाव पुष्कळदा पांगे. इतक्या नेमक्या रोषाचे कारण वरील इतिहासात आहे.

चौकशी आयोगानंतर झालेला 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायालयाने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहारापासून हिशेब तपासावा, ऐपत पाहून हप्ते बांधून द्यावेत, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद होऊ नये, असे त्यात ठरले. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. दाव्यापूर्वी सलोखा घडवून आणणारे मध्यस्थही नेमण्यात आले. म्हणजे उंबरठ्यावरची तडजोड सरकारी शिक्क्यासह परत आली. सावकारांनीही आपला मार्ग काढला. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचा करार तोंडी ठेवू लागले.