डिफरन्शियल: वळणावर अडलेली जीप

आजचा एपिसोड माझ्याच चुकीपासून. पैठणला मामाची जुनी फोर-बाय-फोर जीप मी काळ्या मातीच्या चिखलातून काढली आणि तशीच डांबरी रस्त्यावर घेतली. वळणावर गाडी अडखळायला लागली. मामा ओरडला, "अरे, आधी फोर-व्हील काढ!"

वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. हा फरक सांभाळणाऱ्या डिफरन्शियलचं पेटंट फ्रान्सच्या पेकरने १८२८ मध्ये घेतलं. पण पुढची चाकंही मागच्यांपेक्षा जास्त फिरतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये त्यासाठी मधलं डिफरन्शियल नव्हतं. फोर-व्हील टाकलं की पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडले जायचे. चिखलात चाक घसरून ताण सुटतो. डांबरावर तो गिअरवर बसतो.

हीच विलीज जीप पुढे महिंद्राने मुंबईत जोडायला घेतली. युद्धातलं यंत्र असं आपल्या शेतात आलं.

घरी मामाने डिफरन्शियलचा प्लग उघडला. ऑईल दुधाळ! पावसाळ्यात गाडी नाल्यातून गेली होती. गरम हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. मग बेअरिंग गंजतात. इंजिन ऑईल आम्ही दरवर्षी बदललं, हे कधीच नाही. आणि बागेतली मोसंबी हीच जीप रस्त्यापर्यंत आणते.

त्या संध्याकाळी जुनं ऑईल काढून नवं भरलं. आता डांबर लागलं की माझा हात आपोआप लिव्हरकडे जातो. तुमच्या गाडीचं शेवटचं कधी बदललंय? घरी विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!