जियाजीराव कॉटन मिल, ग्वाल्हेर (आणि तिच्या कामगारांची देणी)

जियाजीराव कॉटन मिल : मध्य प्रदेशात ग्वाल्हेर शहराच्या बिर्लानगर भागात असलेली, सध्या बंद स्थितीतील कापडगिरणी. स्थापना 1921. घनश्यामदास बिर्ला यांनी शिंदे संस्थानच्या आश्रयाने ती उभारली. लोकांच्या तोंडी नाव 'जेसी मिल'. मुंबईत जिला गिरणी म्हणतात तिला ग्वाल्हेरात मिल म्हणतात, म्हणून या नोंदीत दोन्ही शब्द आले आहेत. 1992 मध्ये उत्पादन थांबले, पुढे कंपनी परिसमापनात गेली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ लोंबकळत राहिला. या गिरणीत किती चात्या फिरत होत्या यापेक्षा ती बंद पडल्यावर पैसे कोणाला आधी मिळावेत हे कसे ठरते, याच्याशी पुढचा मजकूर बांधलेला आहे.

स्थापना आणि सवलती : ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (1876–1925) यांना संस्थानात कारखानदारी आणायची होती. ग्वाल्हेरची दोन फुटी अरुंद रेल्वे त्यांच्याच आस्थेचा विषय, 1905 पासून भरणारा ग्वाल्हेरचा व्यापारी मेळाही त्यांच्याच काळातला. भांडवलदाराला आपल्या राज्यात ओढायचे तर जमीन आणि सवलती द्याव्या लागतात, हे धोरण आजच्या राज्य सरकारांनी शोधून काढलेले नाही. संस्थानांकडे तर त्याहून मोठे आमिष होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा प्राप्तिकर आणि कारखाने कायदा संस्थानी मुलखात आपोआप लागू होत नसे. इंग्रजी हद्दीत 1922 मध्ये आठवड्याच्या कामाला 60 तासांची, तर 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत 54 तासांची मर्यादा आली. संस्थानात ती आणायची की नाही हे दरबारावर अवलंबून होते. दोन महायुद्धांच्या दरम्यान कापडाचे भांडवल संस्थानांकडे वळले, त्याच्या कारणांत हे एक कारण धरावेच लागते. गिरणीला मिळालेल्या सवलतीचा काही भाग असा थेट कामगाराच्या घामातून वजा होत होता.

गिरणीभोवती वस्ती वसली. तिच्या आळ्यांना 'लाइन नंबर एक', 'लाइन नंबर दोन' अशी नावे पडली. ही नावे घरांच्या पत्त्यांत आजही आहेत. आग्र्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बिर्लानगर नावाचे स्थानक आहे आणि भिंडचा फाटा तेथूनच फुटतो. शेजारीच हजिरा. तेथे महंमद घौस यांची कबर आणि तिच्या आवारात तानसेनाची समाधी आहे. संगीताच्या यात्रेकरूंना हजिरा तेवढ्यासाठी माहीत असतो. गिरणीच्या पाळ्यांवर घड्याळ लावणाऱ्या कुटुंबांचा हजिरा वेगळा.

ग्वाल्हेरातील बिर्लांचा दुसरा उद्योग म्हणजे 1947 मध्ये स्थापन झालेली ग्वालियर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग (वीव्हिंग) कंपनी. तिच्या नावाच्या आद्याक्षरांतून आजचे 'ग्रासिम' हे नाव आले. म्हणजे देशातल्या एका बड्या कंपनीच्या नावातला 'ग' ग्वाल्हेरचा आहे. तिचे नोंदणीकृत कार्यालय मात्र नागद्याला.

संरक्षणाचा काळ : 28 मे 1948 रोजी मध्य भारत राज्य झाले. ग्वाल्हेर त्याची हिवाळी राजधानी. त्याच वर्षीचे कारखाने आणि किमान वेतन हे दोन्ही केंद्रीय कायदे आता येथील कामगारालाही लागू झाले. 1955 मध्ये ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन व रतलाम या शहरांत कामगार राज्य विमा योजना पोचली. 1957 मध्ये सुती कापड उद्योगासाठी केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले आणि 1972 मध्ये उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा आला. साधारण 1950 ते 1980 या तीस वर्षांत पक्की नोकरी, फंड, विमा, बोनस आणि म्हातारपणी हातात पडणारी ग्रॅच्युइटी असे एक पूर्ण आयुष्य गिरणी कामगाराच्या आवाक्यात आले. चंबळच्या मुलखातल्या कोरडवाहू गावातून आलेल्या माणसाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. हातमाग, विडी आणि बांधकाम यांतील बहुसंख्य मजूर या छत्राबाहेरच होते, हे मात्र येथेच नोंदवून ठेवले पाहिजे.

बंद पडणे : संमिश्र कापडगिरण्यांचा ऱ्हास देशभर एकाच वेळी झाला. यंत्रे जुनी झाली होती, कृत्रिम धाग्याची मागणी वाढत होती आणि यंत्रमागाचे कापड स्वस्त पडत होते. ते स्वस्त पडण्याचे मोठे कारण म्हणजे यंत्रमागाच्या कामगाराला गिरणीतल्या कामगाराइतका पगार आणि हक्क द्यावे लागत नसत. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी, यंत्रमाग व हातमाग यांना वेगवेगळे वागवण्याची जुनी पद्धत मोडली. ग्राहकाला कापड स्वस्त मिळाले, त्यात कामगारांची घरेही आलीच. पण या बदलाची किंमत कोणी मोजायची हे धोरणाने नीट ठरवले नाही. त्यासाठी 1986 मध्ये कापड कामगार पुनर्वसन निधी योजना आणली गेली. बंद गिरणीच्या पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 टक्के, तिसऱ्या वर्षी 25 टक्के आणि त्यानंतर काही नाही. चाळिशी ओलांडलेल्या विणकऱ्याने तीन वर्षांत दुसरा धंदा शिकावा, ही त्यामागची अपेक्षा.

मुंबईत 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. मराठी वाचकाच्या मनात गिरणीचा अंत म्हणजे तो संप. ग्वाल्हेर, इंदूर आणि उज्जैनच्या गिरण्या तशा संपाविनाच गेल्या. मुंबईच्या गिरण्या केवळ संपाने मेल्या असे म्हणणाऱ्यांनी या शहरांकडे एकदा पाहावे.

देण्यांची रांग : कंपनी बुडाली की तिची मालमत्ता विकून देणी भागवायची असतात. ती सहसा सगळ्यांना पुरत नाही, म्हणून रांग लागते. 1985 पर्यंत या रांगेत तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका पुढे आणि कामगार मागे असत. परिसमापनाच्या सुनावणीत कामगाराचे ऐकून घ्यायचे की नाही हासुद्धा वाद होता. त्यांना बोलण्याचा अधिकार आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये, तेही एकमुखाने नव्हे तर बहुमताने, ठरवले. 1985 मध्ये कंपनी कायद्यात कलम 529-अ आले आणि कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने उभी राहिली. कामगारांच्या बाजूने झालेली ही खरोखर मोठी दुरुस्ती होती.

पण 'कामगार' कोण? व्याख्या औद्योगिक विवाद कायद्यातली. देखरेखीचे काम करणाऱ्याचा पगार महिन्याला 1,600 रुपयांहून अधिक असला तर तो कामगार धरला जात नसे. ही मर्यादा 1980 च्या दशकातली. ती 10,000 वर नेली गेली 2010 मध्ये. दरम्यान महागाई वाढत गेली आणि आकडा जागीच राहिला. त्यामुळे साधा पर्यवेक्षक कामगाराच्या रांगेतून उचलला जाऊन मागे ढकलला गेला. कामगार म्हणावे तर पगार जास्त, साहेब म्हणावे तर खिसा रिकामा. मध्यमवर्गाच्या नावाने धोरणे आखणाऱ्यांच्या नजरेतून हा माणूस नेहमीच निसटतो.

रांगेत जागा मिळाली म्हणजे पैसे मिळाले असेही नाही. आजारी कंपन्यांसाठी 1985 चा कायदा झाला आणि त्याखाली 1987 पासून औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ काम करू लागले. तेथे प्रकरण असेपर्यंत सर्वसाधारणपणे वसुलीला स्थगिती असे. उद्योग वाचावा हा हेतू होता, प्रत्यक्षात कित्येक गिरण्यांची यंत्रे तोवर गंजून गेली. त्यानंतर उच्च न्यायालय, शासकीय परिसमापक (कामगारांच्या भाषेत 'लिक्विडेटर'), दाव्यांची छाननी, जमिनीचे वाद. गिरणीची खरी संपत्ती म्हणजे तिची जमीन. ती शहराच्या पोटात आल्याने दरवर्षी महाग होत जाते आणि जितकी महाग होते तितके दावेदार वाढतात.

या उशिराची किंमत एका उदाहरणाने कळेल. समजा, 1992 मध्ये एका कामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 1,500 रुपये होता आणि नोकरी वीस वर्षे झाली होती. ग्रॅच्युइटीचे सूत्र असे : पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षे. हे होतात सुमारे 17,308 रुपये. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक 1992 पासून 2023 पर्यंत सात ते आठ पट वाढला. तेव्हाच्या 17,308 रुपयांत जे येत होते त्याला 2023 मध्ये सव्वा लाखाच्या आसपास लागले असते. मूळ रक्कम तेवढी हातात ठेवली तर सातातले सहा हिस्से वेळेनेच गिळले. हा कर कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, पण तो वसूल होतो आणि तो भरतो कामगार.

इंदूरचा मार्ग : इंदूरची हुकुमचंद मिलही याच सुमारास बंद झाली. तिच्या सुमारे 4,800 कामगारांचा तिढा 2023 मध्ये सुटला. जमीन राज्याच्या गृहनिर्माण मंडळाकडे द्यायची, मंडळाने देणी एकरकमी भागवायची आणि पुढे तेथे निवासी व व्यापारी बांधकाम करायचे, असा तोडगा निघाला. 25 डिसेंबर 2023 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश परिसमापक व कामगार संघटनांच्या प्रतिनिधींना दिला गेला. दरम्यान कितीतरी कामगार वारले होते आणि रक्कम वारसांनी घेतली. तरीही हा तोडगा मुंबईपेक्षा सरस मानला पाहिजे. मुंबईत 1991 च्या विकास नियंत्रण नियम 58 मध्ये गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते. 2001 च्या बदलाने वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती आक्रसली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली 2012 मध्ये. जमिनीचा पैसा कामगारांपर्यंत पोचवायचा तर शासनाने आधी खिशातून द्यावे आणि मागाहून जमिनीतून वसूल करावे, हे इंदूरने दाखवले.

ग्वाल्हेरच्या गिरणीसाठीही हाच मार्ग धरण्याचे आश्वासन मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या सरकारने दिले आहे. शासनाला घाईने सवलत देता येत नाही असे मुळीच नाही. ग्वाल्हेरच्या मेळ्यात विकल्या जाणाऱ्या वाहनांवर गेल्या काही वर्षांत रस्ताकरात 50 टक्के सूट दिली गेली आहे आणि मेळा उठण्याआधीच तिचा लाभ पदरात पडतो.

नंतरचे कायदे : 2016 च्या दिवाळखोरी संहितेत परिसमापन सुरू होण्याआधीच्या 24 महिन्यांची कामगार-देणी तारणधारकांच्या बरोबरीने येतात. कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांचीच आणि तीही खालच्या पायरीवर. भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी निधीतील रक्कम मात्र वाटपाच्या मालमत्तेबाहेर ठेवली आहे. हा भाग जुन्या कायद्यापेक्षा चांगला. मात्र त्यासाठी मालकाने तो निधी वेळेवर भरलेला असावा लागतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. कारखाना बंद करण्यासाठी शासनाची परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. मालनपूर (जिल्हा भिंड) आणि बानमोर (जिल्हा मुरैना) या ग्वाल्हेरलगतच्या औद्योगिक वसाहतींत आज नोकऱ्या आहेत. साबण, चॉकलेट, टायर असे बरेच काही तेथे बनते. तेथील लहान कारखाने या नव्या मर्यादेच्या आत बसतात, आणि ठेकेदाराकडचा मजूर देण्यांच्या रांगेत कोठे उभा राहील हे तर फाटक बंद झाल्यावरच कळते.

जेसी मिलची देणी चुकती होतील तेव्हा ती 1992 च्या रुपयांत मोजू नयेत, निर्देशांकाने वाढवून द्यावीत. जमीन आजच्या भावाने विकली जाणार असेल तर मजुरी जुन्या भावाने फेडण्याला हिशेब म्हणता येत नाही.