घरी बिअर बनवता येते का? बाटल्या का फुटतात आणि कायदा काय सांगतो?

'घरच्या घरी बिअर' असं इंटरनेटवर शोधलं की ढीगभर व्हिडिओ समोर येतात. बहुतेक परदेशातले, थंड हवेतले. जालन्यासारख्या जिल्ह्यात, जिथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे तीच कृती वेगळी वागते. शिवाय कायद्याचा प्रश्न आहेच.

आधी कायदा समजून घेऊ

दारू हा विषय राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीत येतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याच्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय दारू तयार करता येत नाही आणि बिअरही त्यात आली. 'विकायची नाही, स्वतःपुरतीच आहे' असं म्हणून सुटका होत नाही. कलम ६५ मध्ये तुरुंगवास आणि दंडाची तरतूद आहे.

ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये तसा कायदा झाला. व्हिडिओतली माणसं बिनधास्त दिसतात ती त्यामुळे.

बाटली फुटते कशामुळे?

यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतं. वजनाने जवळपास निम्मं-निम्मं. एक किलो साखर पूर्ण आंबली तर अडीचशे लिटरहून जास्त गॅस तयार होतो. त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर तो भांडं फोडूनच वाट काढतो.

उपकरणं कुठे दगा देतात?

हायड्रोमीटर: द्रवात किती साखर उरली, याचा अंदाज देणारी ही काचेची नळी. सुरुवातीला माप साधारण १.०५० असतं, आंबणं संपलं की १.०१० च्या आसपास येतं. पण बहुतेक नळ्या २० अंश सेल्सिअससाठी आखलेल्या असतात. ३५ अंशांवर द्रवाची घनता कमी होते आणि माप सुमारे ०.००४ ने कमी दिसतं. हा फरक लिटरमागे जवळपास १० ग्रॅम साखरेएवढा आहे. आंबणं संपलं असं समजून बाटली बंद केली आणि ही साखर आत आंबली, तर लिटरमागे अडीच लिटर जादा गॅस तयार होतो. नेहमीच्या बिअरमध्ये एकूण गॅसच साधारण तेवढा असतो. म्हणजे दाब दुपटीच्या घरात जातो. म्हणून तापमानाचा हिशेब धरून, दोन-तीन दिवस माप बदलत नाही ना, हे पाहावं लागतं.

एअरलॉक: गॅस बाहेर सोडणारी आणि हवा आत न येऊ देणारी ही छोटी झडप. फेस वर चढून ती तुंबली की झाकण उडतं आणि छतापर्यंत चिकट फवारा जातो.

काच आणि प्लास्टिक: गरम द्रव थेट जाड काचेच्या भांड्यात ओतला तर काच तडकते. ओरखडे पडलेली जुनी बाटली दाब सहन करत नाही. प्लास्टिकच्या ड्रमवरच्या ओरखड्यांत जिवाणू तग धरतात आणि पुढचा घाणाही आंबट होतो.

मग हातभट्टीसारखा विषबाधेचा धोका?

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. बिअर फक्त आंबवतात, हातभट्टीची दारू आंबवून उकळून गाळतात. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. तिथे कारण मिथेनॉल होतं.

बिअर न बनवणाऱ्यांनी हे का वाचावं?

कारण हेच रसायनशास्त्र मोसंबीच्या रसाला, कडवंचीच्या द्राक्षांच्या रसाला आणि कोंबुचालाही लागू आहे. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतंच. ताजा रस घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून उन्हाळ्यात ओट्यावर ठेवला, तर दोन-तीन दिवसांत दाब वाढू शकतो.

काय काळजी घ्याल?

- रस फ्रिजमध्येच ठेवा, बाटली काठोकाठ भरू नका.
- आंबणारा पदार्थ काचेत गच्च बंद करू नका. प्लास्टिकची बाटली फुगून निदान सूचना तरी देते.
- काचेच्या बाटलीत दाब वाढल्याचा संशय आला तर ती हलवू नका, मुलांना लांब ठेवा. उचलावीच लागली तर डोळ्यांवर चष्मा आणि बाटलीभोवती जाड टॉवेल हवा.
- बाटली पूर्ण थंड झाल्यावरच झाकण हळूहळू सैल करा. थंड द्रवात गॅस जास्त विरघळतो, त्यामुळे दाब उतरतो.