‘वॉचमनचीही नोकरी नाही’
७. वॉचमनचीही नोकरी नाही : ठाणे कारागृहातून सुटलेला निवेदक इथे मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये एका सोसायटीच्या फाटकाशी उभा आहे. हातात कापडी पिशवी, तिच्यात घडी घातलेला सुटकेचा कागद. वॉचमनच्या नोकरीसाठी त्याला मिळालेल्या नकाराचे मूळ कायद्यातच आहे. खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५च्या कलम १०नुसार न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला सुरक्षा संस्था पहारेकरी म्हणून नेमू शकत नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८चे कलम १२ दोषसिद्धीमुळे चिकटणारी अपात्रता दूर करते. पण हे कवच समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेल्यांनाच मिळते. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्याला ते नाही. १८९४च्या कारागृह कायद्याचा भर कोठडी आणि शिस्त यांवर होता. सुटकेनंतरच्या पुनर्वसनाचा विचार केंद्राच्या २०२३च्या आदर्श कारागृह कायद्यात आला. मात्र कारागृहे राज्यसूचीत येतात, त्यामुळे त्यातल्या तरतुदी राज्यांनी स्वीकारल्या तरच लागू होतात. न्यायालयाने ठरवलेली शिक्षा तुरुंगाच्या दारात संपली पाहिजे. सोसायटीच्या फाटकाशी ती पुन्हा सुरू होता कामा नये. — संपा.